परिचारिका येतात, पण राहत नाहीत

महामार्गाखालच्या अरुंद भुयारी मार्गातून पुनावळे गावाकडे येताना एका लहानशा रुग्णालयाच्या फाटकावर एक फलक टांगलेला दिसतो. 'स्टाफ नर्स पाहिजेत. अनुभवी व नवीन दोन्ही चालतील.' हा फलक आम्ही प्रथम पाहिला त्यास आता तीन वर्षे होतील. पहिल्या पावसाळ्यात त्याची अक्षरे फिकी झाली, दुसऱ्यात एक कोपरा उडून गेला, आणि तिसऱ्या वर्षी मालकांनी तो काढून न टाकता नव्याने रंगवून घेतला. रंगाचा खर्च केला याचा अर्थ असा, की ही गरज भागणारी नाही हे त्यांनी मनाशी कबूल केलेले आहे. वाण्याच्या दुकानात 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी कायमची असते, तशीच ही.

पुनावळे हे पवनाकाठचे गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले. येथील शेते आणि बांध ज्यांना आठवतात अशी मंडळी आमच्यासमोर पुष्कळ बसलेली आहेत, तेव्हा जुन्या गावाचे वर्णन आम्ही करीत नाही. शेते गेली, इमारती आल्या, इमारतींमागून माणसे आली, आणि माणसांमागून दुखणी. वाकड, ताथवडे, रावेत, पुनावळे या पट्ट्यात दहा, वीस, तीस खाटांची रुग्णालये उभी राहिली. त्यांच्या दारावर डॉक्टरांची नावे पदव्यांसह ठळक अक्षरांत असतात. परिचारिकेचे नाव कोठेच नसते, आणि लिहावयाचे म्हटले तरी पाटी दर चार महिन्यांनी पुसावी लागेल.

हा विषय आम्ही का घेतला ते सांगतो. आमच्या घरातील एक वृद्ध बाई गेल्या वर्षी अकरा दिवस अशाच एका रुग्णालयात होत्या. त्या अकरा दिवसांत रात्रपाळीच्या सिस्टर चार वेळा बदलल्या. नवव्या रात्री आलेल्या सिस्टर फार तर बाविशीच्या असतील. हातात इंजेक्शनचा ट्रे घेऊन त्यांनी आम्हालाच विचारले, "काका, आजींना कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का हो?" पहिल्या रात्रीच्या सिस्टरना ते ठाऊक होते. कागदावरही ते लिहिलेले असणारच, पण त्या जाड फायलीत ते शोधावयास वेळ कोणाला होता? मुलीने विचारले ही तिची हुशारीच म्हणावयाची. तथापि आम्ही त्या वेळी चहा प्यावयास खाली गेलो असतो तर काय झाले असते, हा विचार आम्हाला अजून सोडीत नाही.

परिचारिकांची टंचाई ही काही नवी गोष्ट नव्हे. फक्त जुनी टंचाई निराळ्या जातीची होती. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी हडपसरजवळ आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली आणि १० मार्च रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. तो काळ असा होता की या कामाला येण्यास कोणी तयारच नसे. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांच्याच पत्नी रमाबाई यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि पुढे थोड्याच वर्षांत मुलींना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविले. त्या वेळी लोकांनी काय काय म्हटले असेल याची कल्पना आजही करता येते. परपुरुषाच्या अंगाला हात लावणार, कोणत्याही जातीच्या माणसाचे मलमूत्र उचलणार, रात्र घराबाहेर काढणार! मिरजेस वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून चालू होते. तेथे आणि इतर मिशनांत तयार झालेल्या ख्रिस्ती मुलींनी हा भार कितीतरी वर्षे उचलला, ही गोष्ट आपण सहसा आठवीत नाही.

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. त्यात ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असा हिशेब निघाला. डॉक्टरांचे प्रमाण होते ६,३०० लोकांमागे एक. म्हणजे दवा सांगणारा एक आणि ती देणारी एक-सप्तमांश! पुढे शाळा निघाल्या, महाविद्यालये निघाली. लातूर, नांदेड, बीड, यवतमाळकडील मुली आज आपल्या भागात परिचर्येचे शिक्षण घेतात. एकाच घरातल्या दोघी बहिणी शिकत असल्याचेही आम्ही पाहिले आहे. बापाला आता लाज वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. देशात सध्या हजार लोकसंख्येमागे सुमारे दोन परिचारिका नोंदलेल्या आहेत आणि तीन असाव्यात असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक सांगितला जातो. दोन आणि तीन यांतील अंतर मोठे आहे खरे, परंतु ४३,००० ला एक या आकड्यापासून आपण किती दूर आलो तेही पाहावे.

मग फाटकावरचा फलक का निघत नाही? कारण नोंदणीपुस्तकात नाव असणे निराळे आणि वॉर्डात खाटेजवळ उभे असणे निराळे. पुस्तकात नाव असलेल्यांपैकी कोणी दुबईत आहे, कोणी लग्नानंतर काम सोडून घरी आहे, कोणी निराळ्याच धंद्यात आहे. त्यातून जी उरते ती आठ महिन्यांत शेजारच्या रुग्णालयात गेलेली असते, आणि तिच्या जागी शेजारची आपल्याकडे आलेली असते. एकूण संख्या तीच, पण दोन्हीकडे सगळ्या नवीन! मालकमंडळी याला 'भरतीचा प्रश्न' म्हणतात. आमच्या मते हा प्रश्न भरतीचा कमी आणि गळतीचा अधिक आहे. फुटक्या माठात पाणी ओतीत राहण्याला पाणीटंचाई म्हणावयाचे की काय?

आता थोडे गणित मांडतो. श्रोत्यांनी कंटाळू नये, कारण सारे मर्म या गणितात आहे, आणि ते कारखान्यात पाळ्या केलेल्या माणसाला चटकन समजेल.

तीस खाटांचा एक वॉर्ड घ्या. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक साध्या रुग्णालयातील सामान्य वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, आणि जेथे वैद्यकीय विद्यार्थी शिकतात त्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. आम्ही मालकाच्या बाजूने थोडे सैल धरून सहा रुग्णांमागे एक असे मानू. म्हणजे एका पाळीला पाच जणी. तीन पाळ्यांना पंधरा. येथेच पुष्कळ मालकांचे गणित संपते. ते पंधरा जणींची नेमणूक करतात आणि वर्षभर कपाळाला हात लावून बसतात. कारण वॉर्ड ३६५ दिवस चालतो, पण माणूस ३६५ दिवस चालत नाही. ५२ साप्ताहिक सुट्ट्या काढा, ३० दिवसांची हक्काची रजा काढा, किरकोळ रजा, सण, आजारपण यांचे अठरा दिवस काढा; उरले २६५. पंधरा ड्यूट्या गुणिले ३६५ दिवस, म्हणजे वर्षाच्या ५,४७५ ड्यूट्या. त्यांना २६५ ने भागले की उत्तर येते जवळजवळ २१. वॉर्डाला माणसे लागतात एकवीस, पंधरा नव्हेत. परिषदेनेही रजेसाठी म्हणून तीस टक्के माणसे जास्त ठेवावीत असे सांगितले आहे ते याचसाठी.

समजा मालक शहाणा आहे आणि त्याने एकवीस नेमल्या. त्यांतील चौघी सोडून गेल्या. चार म्हणजे काही फार नव्हेत, असे वाटते. उरलेल्या सतराजणी वर्षात ४,५०५ ड्यूट्या करू शकतात. तूट ९७०. ही तूट त्याच सतराजणींनी भरून काढावयाची म्हटली तर प्रत्येकीच्या वाट्याला ५७ जादा ड्यूट्या येतात. आणि वर्षात रविवार किती? बावन्न! म्हणजे चौघी गेल्या आणि उरलेल्या सतराजणींचे वर्षाचे सगळे रविवार गेले, वर आणखी पाच दिवस गेले. जादा ड्यूटी न करविता चालविले तर पाळीला पाचऐवजी चारच उभ्या राहतात आणि प्रत्येकीकडे सहाच्या जागी सात-आठ रुग्ण येतात. दोन्हींपैकी काहीही केले तरी पुढच्या महिन्यात पाचवी निघते. पाचवीने सहावीला निघणे सोपे केलेले असते. परिचारिका सोडून जातात म्हणून काम वाढते, आणि काम वाढते म्हणून सोडून जातात. रहाटगाडगे एकदा फिरू लागले म्हणजे कोणा एकीला बोलावून "तू का जातेस?" असे विचारण्यात अर्थ राहत नाही. तिला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. ती "घरची अडचण" असे म्हणते आणि जाते.

कारखान्यात 'रिलीव्हर' आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही, हे येथील जुन्या कामगारांना सांगावयास नको. परिचारिकेचे तसेच आहे, फक्त मशीन बंद करून ठेवण्याचा पर्याय तिला नाही. रात्रीची सिस्टर सकाळी आठला सुटावयाची. सकाळची आलीच नाही तर ती दुपारी दोनपर्यंत थांबते. सलग अठरा तास झालेल्या माणसाने इन्सुलिनचे माप भरू नये, हे सांगण्यास वैद्यकशास्त्र कशाला हवे?

कोणी म्हणेल, एक गेली तर दुसरी ठेवावी; पदवी तर सारखीच असते. येथे मोठी गफलत होते. लेथवर नवा अप्रेंटिस उभा केला की जुना कारागीर त्याच्याजवळ उभा राहतो, आणि एवढे करूनही जॉब बिघडला तर तो भंगारात टाकता येतो. वॉर्डात भंगाराची पेटी नसते. नवी मुलगी पुस्तकातले सारे जाणते, परंतु अनुभवी सिस्टर जे जाणते ते फायलीत लिहिलेले नसते. डॉक्टर दिवसातून दोन वेळा फेरी मारतात. मधल्या बावीस तासांत रुग्णाचे काय चालले आहे ते परिचारिका पाहते. शस्त्रक्रियेनंतर झोपलेल्या माणसाचा श्वास मिनिटाला अठराचा सव्वीस झाला, तर रक्तदाब उतरण्याच्या पुष्कळ आधी त्याच्या शरीरात काही बिघडत असल्याची ती खूण असू शकते. जुनी सिस्टर खाटेजवळून जाता जाता थांबते आणि फोन उचलते. नवी सिस्टर तक्त्यावर आकडा लिहिते आणि पुढच्या खाटेकडे वळते, कारण तिच्याकडे आणखी आठ खाटा आहेत आणि फोन केला तर डॉक्टर रागावतील की काय अशी भीती आहे. नवीला जुनी करावयाचे तर जुनीच्या हाताखाली काही महिने काढावे लागतात. जुन्याच गेल्या तर शिकविणार कोण? आज कित्येक लहान रुग्णालयांत चार महिन्यांची मुलगी चार दिवसांच्या मुलीला शिकवीत असते.

ही नुसती आमची कल्पना नव्हे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया झालेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की रुग्ण तीस दिवसांत दगावण्याचा संभव सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, असे त्यांना आढळले. कॅलिफोर्नियाने तर १९९९ सालीच याविषयी कायदा केला आणि २००४ पासून एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत याची सक्ती केली. आपल्याकडे दंडक आहेत, पण दंडक मोडल्याबद्दल वॉर्ड बंद झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मग या मुली जातात कोठे? पहिली ओढ सरकारी नोकरीची. राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० पासून सुरू होते, त्यावर महागाई भत्ता. शिवाय नोकरी कायमची. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय १९८९ पासून, आज साडेसातशे खाटांचे. अशा ठिकाणी कायमची जागा निघाली की पुनावळ्यातल्या चार रुग्णालयांतील मुली एकाच दिवशी रजेचा अर्ज देतात, कारण परीक्षा एकाच दिवशी असते. यात त्यांचा दोष नाही. पण सरकारी नोकरीतही आता कायमच्या जागा कमी आणि कंत्राटी अधिक असा कल आहे. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी संप केला तो मुख्यतः बाहेरच्या ठेकेदारामार्फत भरती करण्याच्या बेताविरुद्धच.

दुसरी ओढ आपल्या चाकण-भोसरीकडची, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात औषधोपचाराची खोली व तेथे परिचारक असावेत असे बंधन १९४८ च्या कारखाना कायद्याने घातले. कारखान्याच्या या खोलीत दिवसाला चार बोटे कापलेली आणि दोन डोकी दुखणारी माणसे येतात, नेण्या-आणण्यास कंपनीची बस असते, आणि साप्ताहिक सुट्टी ही खरोखर सुट्टी असते. तिसरी ओढ हिंजवडीची. तेथे वातानुकूलित कचेरीत बसून परदेशी रुग्णांचे विम्याचे कागद तपासण्यास परिचर्या शिकलेली मुलगी चालते. ज्या हातांनी शीर सापडावयाची ते हात आता कळफलकावर.

चौथी ओढ समुद्रापलीकडची. केरळच्या मुलींनी हा मार्ग कधीच रुळविला. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतील मल्याळी सिस्टर ही आपल्या सर्वांच्या परिचयाची व्यक्ती, आणि तिची पुढची पायरी आखात, त्यापुढची युरोप. आता मराठी मुलीही त्या वाटेला लागल्या आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. ड्यूटी संपवून संध्याकाळी जर्मन भाषेच्या वर्गाला जाणारी एक तरी सिस्टर आपल्या ओळखीची असेल. साऱ्या जगात २०२३ साली सुमारे ५८ लाख परिचारिका कमी होत्या असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. श्रीमंत देशांत म्हातारी माणसे वाढली, त्यांना हात हवेत, आणि ते पैसे मोजतात. आमच्या एका मित्रांनी रागाने म्हटले, "आपण शिकवायचे आणि त्यांनी न्यायचे!" आम्ही त्यांना विचारले, "तुमचे चिरंजीव कोठे असतात?" ते टेक्ससमध्ये असतात. संगणक शिकलेल्या मुलाने परदेशी जावे म्हणजे पेढे वाटावयाचे आणि परिचारिकेने गेले म्हणजे देशाला टाकून गेली म्हणावयाचे, हा न्याय काही आम्हाला समजत नाही.

पैशाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या हालांविषयी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितले: दोनशेहून अधिक खाटा असतील तर पगार राज्य सरकारच्या परिचारिकेइतका; शंभर ते दोनशे असतील तर फार तर दहा टक्के कमी; पन्नास ते शंभर असतील तर पंचवीस टक्के कमी; आणि पन्नासाहून कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २०,००० पेक्षा कमी नाही. ही शिफारस होती, कायदा नव्हता, आणि शिफारशीचे जे व्हावयाचे ते झाले. लहान रुग्णालयाच्या मालकाची बाजूही आम्ही ऐकली आहे. जागेचे भाडे, यंत्रांचे हप्ते, विमा कंपन्यांनी ठरवून दिलेले दर, आणि बिल पाहून गावच्या पुढाऱ्याचा येणारा फोन. हे सारे खरे आहे. परंतु बिलात 'नर्सिंग चार्जेस' अशी एक ओळ असते, ती दर दिवसाची दर खाटेला लागते. त्या ओळीतील रकमेला खाटांनी आणि दिवसांनी गुणून पाहावे आणि परिचारिकांच्या एकूण पगाराशेजारी ठेवावे. आम्ही एकदा ठेवून पाहिले. नंतर त्या मालकांशी आमचे बोलणे थोडे कमी झाले.

पगार द्यावयाचा नाही आणि माणूस तर राहिले पाहिजे, म्हणून काही ठिकाणी एक युक्ती करतात. कामावर येताना मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात, बंधपत्र लिहून घेतात. या युक्तीने मुलगी राहते खरी, पण त्या जागेची कीर्ती आठ दिवसांत सर्वत्र होते, कारण या साऱ्याजणी दोन-चार वसतिगृहांतून शिकून निघालेल्या असतात आणि त्यांचा व्हॉट्सॲपवर गट असतो. त्यानंतर फाटकावर कितीही मोठा फलक लावा.

परंतु पगार वाढविला की सारे होईल असेही नव्हे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतही परिचारिकांची अशीच ओढाताण होती. तेव्हा तेथील परिचर्या अकादमीने प्रश्न उलटा विचारला. परिचारिका का जातात हे विचारण्याऐवजी, ज्या रुग्णालयांतून त्या जात नाहीत तेथे काय आहे, हे पाहावयाचे ठरविले. १६३ रुग्णालयांतून ४१ निवडली. लोहचुंबकासारखी माणसे धरून ठेवणारी म्हणून त्यांना 'मॅग्नेट' म्हणू लागले. १९८३ साली अहवाल निघाला. या रुग्णालयांत आढळले ते असे, की मुख्य अधिसेविका कारभाराच्या बैठकीत बसते आणि तिचे ऐकले जाते. ड्यूटीचा तक्ता वॉर्डातच ठरतो. डॉक्टर परिचारिकेला सहकारी समजतात. आणि पुढे शिकावयास सवलत मिळते. आपल्याकडे लहान रुग्णालयात यातले काय करता येणार नाही? ड्यूटीचा तक्ता महिनाभर आधी भिंतीवर लावण्यास एक खिळा पुरतो. आज तो आदल्या रात्री नऊ वाजता फोनवर कळतो. ज्या बाईला उद्या सकाळची पाळी आहे की रात्रीची हे ठाऊक नाही, तिने मुलाच्या शाळेची सभा, सासूबाईंचे डोळे तपासणे, दळण, यांची जुळणी कशी करावी?

जगातल्या परिचारिकांपैकी बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यामुळे परिचारिका का सोडतात या प्रश्नाचे अर्धे उत्तर स्त्री नोकरी का सोडते या प्रश्नात आहे. सैन्याच्या परिचर्या सेवेत तर लग्न केले म्हणून कामावरून काढण्याचा नियमच होता. तो १९९५ साली रद्द झाला, आणि त्या नियमाखाली १९८८ साली काढलेल्या एका अधिकारी बाईंना २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने ६० लाख रुपये देवविले. लेखी नियम गेला, अलिखित शिल्लक आहे. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा २०१७ च्या सुधारणेने मिळाली. पाळणाघराचे बंधन मात्र पन्नास वा अधिक नोकर असलेल्या जागीच. आपल्याकडील लहान रुग्णालयात इतके नोकरच नसतात. चार-पाच रुग्णालयांनी मिळून एक पाळणाघर काढावे, आणि ते संध्याकाळी सातला नव्हे तर नऊला बंद व्हावे, कारण दुपारची पाळी आठला सुटते. काम सोडून घरी बसलेल्या, आठ-दहा वर्षांच्या अनुभवी परिचारिका याच इमारतींतून राहत आहेत. त्यांना पुन्हा बोलावण्यास जाहिरात लागत नाही, पाळणाघर लागते.

आणि रात्रीची भीती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका सफाई कामगाराने हल्ला केला. त्या पुन्हा कधी शुद्धीवर येऊन बोलल्या नाहीत. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, आणि त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्यामागून आलेल्यांनी, १८ मे २०१५ पर्यंत, एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांना सांभाळले. २०११ साली न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा अंगावर शय्याव्रण नव्हते. परिचर्या म्हणजे काय, ते ज्यांना समजून घ्यावयाचे असेल त्यांनी हे एवढेच ध्यानात घ्यावे. आणि त्याच वेळी हेही, की कपडे बदलण्याची सुरक्षित जागा, जिन्यावरचा दिवा आणि दारावरचा पहारेकरी या गोष्टी मागण्यासाठी तेथील परिचारिकांना संप करावा लागला. २०१० साली महाराष्ट्राने रुग्णालयातील मारहाणीविरुद्ध कायदा केला. तरी पेशंट दगावला की डॉक्टर मागच्या खोलीत जातात आणि नातेवाइकांच्या पुढे उभी राहते ती सिस्टर, हे दृश्य आपण पाहिलेले आहे. कदाचित त्या नातेवाइकांत आपणही असू.

२२ मार्च २०२० रोजी आपण सर्वांनी गच्चीवरून थाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविली. त्याच महिन्यात देशात ठिकठिकाणी घरमालकांनी परिचारिकांना खोल्या खाली करावयास सांगितले. त्या मे महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूरच्या दीडशेहून अधिक परिचारिका नोकरी सोडून गावी परतल्या. आपल्याकडे नेहरूनगरच्या मगर मैदानावर तात्पुरते रुग्णालय उभे राहिले, तेथे कंत्राटावर मुली आल्या. साथ ओसरली आणि कंत्राट संपले.

आता आमच्या सोसायटीत घडलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या येथे 'कुटुंबालाच जागा भाड्याने द्यावी' असा ठराव पूर्वीपासून होता. दोन वर्षांपूर्वी तीन परिचारिकांनी मिळून एक सदनिका मागितली. तिघी अविवाहित. येण्या-जाण्याच्या वेळा विचित्र. रात्री साडेसातला घरातून जाणार, सकाळी नऊला येणार. सभा भरली. कोणी म्हणाले, वॉचमनने नोंद ठेवावी. कोणी म्हणाले, पाहुणे येऊ नयेत असे लिहून घ्यावे. ज्यांना फारसे बोलण्याची सवय नाही असे एक निवृत्त कामगार शेवटी उठले. ते म्हणाले, "मी बत्तीस वर्षं पाळ्या केल्या. तिसऱ्या पाळीहून सकाळी घरी यायचो, तेव्हा कुणी मला कुठून आलास म्हणून विचारलं नाही. या पोरींना का विचारता?" थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग मते घेतली. नऊ विरुद्ध सहा मतांनी जागा द्यावयाचे ठरले. सहांतील एक मत आमच्या घरातीलच होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

त्या तिघींपैकी एक पुढे सरकारी नोकरी लागून धाराशिवकडे गेली. दुसरीची जर्मन भाषेची परीक्षा झाली असून ती कागदपत्रांची वाट पाहत आहे. तिसरी अजून तेथेच राहते. तिने आपल्या आईला गावाहून आणले आहे, आणि रुग्णालयाने रात्रीच्या पाळीसाठी एक ठरलेली रिक्षा लावून दिल्यापासून ती रात्रपाळीची प्रमुख म्हणून काम करते. फाटकावर फलक टांगलेले रुग्णालय तेच. फलक अजून आहे. मात्र गेल्या महिन्यात त्याच्या खालच्या बाजूस 'राहण्याची व येण्या-जाण्याची सोय' अशी एक ओळ नव्याने रंगविलेली आम्ही पाहिली.